अंतराळवास आणि मानवी शरीर

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात राहताना वजनरहित अवस्थेमुळे मानवी शरीरात होणारे बदल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किमी. उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसते असा समज आहे. प्रत्यक्षात ते जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. मात्र स्थानक आणि आतली माणसे पृथ्वीभोवती एकसारखीच ‘पडत’ असल्याने कोणालाच स्वतःचे वजन जाणवत नाही.

पहिला फटका बसतो तो तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाला. त्यातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे एरवी खालची दिशा दाखवतात. तिथे ‘खाली’ असे काही उरत नाही. डोळे एक सांगतात, कान दुसरे. ऑगस्ट 1961 मध्ये व्होस्टोक 2 या सोव्हिएत यानातून गेलेल्या गेरमान तितोव्ह यांना मळमळ आणि उलटीचा त्रास झाला. अंतराळात असे आजारी पडलेले ते पहिलेच. निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना हा त्रास होतो आणि बहुधा दोन-तीन दिवसांत शमतो.

याच काळात पायांतले लिटरभर किंवा त्याहून जास्त द्रव छाती-डोक्याकडे सरकते. चेहरा सुजतो, नाक चोंदते, जेवण सपक लागते आणि तिखट सॉसला मागणी वाढते. पाय मात्र काटकुळे होतात. शरीराला वाटते रक्त जास्त झाले, म्हणून ते रक्तद्रव कमी करून टाकते. पाठीच्या कण्यावरचा भार गेल्याने उंची काही सेंटिमीटर वाढते आणि बहुतेकांची पाठ दुखते.

खरा हिशेब हाडांचा. हाड रोज थोडे मोडते, थोडे नव्याने घडते. किती घडवायचे ते त्यावरच्या भारावर ठरते. भारच नसला की मोडणे चालू राहते आणि घडणे मागे पडते. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्का घटू शकते. निघालेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो. पोटरी आणि पाठीचे स्नायूही रोडावतात. तळपायांची जाड कातडी सोलून निघते, आणि पकडीसाठी दांड्यांखाली पाय अडकवावे लागत असल्याने घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला! याला सर्रास ‘ऱ्हास’ म्हटले जाते. तो शब्द पृथ्वीवरून पाहणाऱ्याचा आहे. तरंगत्या माणसाला भक्कम खुबा लागतच नाही, आणि शरीर नको ते पोसत नाही. अडचण उभी राहते ती परत यायचे असते म्हणून.

जून 1970 मध्ये सोयुझ 9 यानातून जवळपास 18 दिवसांनी परतलेल्या निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह या सोव्हिएत अंतराळवीरांना धड उभेही राहता येईना. त्यानंतर सोव्हिएत मोहिमांत व्यायामाला फार महत्त्व आले. आज स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम ठरलेला असतो. लोखंडी वजने तिथे निरुपयोगी, म्हणून निर्वात नळकांड्यांचा विरोध देणारे यंत्र वापरतात. ट्रेडमिलवर पळताना पट्ट्यांनी शरीर खाली ओढून धरावे लागते. अशाच ट्रेडमिलवर सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल 2007 मध्ये बॉस्टन मॅरेथॉन पूर्ण केली. व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे डॉक्टर मीर या रशियन अंतराळ स्थानकावर सलग 437 दिवस राहून मार्च 1995 मध्ये परतले आणि यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. मंगळावर पोचलेला माणूस कामाला उभा राहू शकतो, हे त्यांना दाखवायचे होते.

व्यायामाने सगळेच सुटत नाही. लांबच्या मोहिमांत काहींचा नेत्रगोल मागून चपटा होतो, डोळ्यामागच्या नसेचे टोक सुजते आणि जवळचे धूसर दिसू लागते. वैश्विक किरणांशी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्याशी, तर शरीराला जुळवून घेता येतच नाही. मिटल्या डोळ्यांपुढेही त्यांचे लखलखाट दिसतात.

परतल्यावर तोल काही दिवसांत सावरतो. सवयी मात्र रेंगाळतात. जुलै 2025 मध्ये परतलेल्या शुभांशू शुक्ला यांनी लॅपटॉप तरंगेल अशा समजुतीने पलंगाच्या कडेला सोडून दिला होता. हाडे सर्वांत सावकाश भरतात. काहींची नडगी वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नसते.

मंगळावरचे गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के आहे. एवढा भार हाडे टिकवायला पुरतो का, हे अजून कोणी तपासू शकलेले नाही. पृथ्वीहून कमी गुरुत्वाच्या भूमीवर माणसाचा सर्वांत दीर्घ मुक्काम अपोलो 17 च्या दोघांचा, चंद्रावर, डिसेंबर 1972 मधला : सुमारे 75 तास.