एनएफएलची सॅलरी कॅप: मार्चमधल्या आकडेमोडीमागचा इतिहास

मार्च उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या बातम्यांत खेळ सोडून बाकी सगळं असतं. कुणाचा करार ‘रिस्ट्रक्चर’ होतो, कुणाला नारळ मिळतो, कुठला संघ कोट्यवधी डॉलरची ‘जागा मोकळी’ करतो. एनएफएलचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचं, नवं वर्ष मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे 4 वाजले की सुरू होतं. त्या क्षणी 32 पैकी प्रत्येक संघाचा पगाराचा हिशेब सॅलरी कॅपच्या, म्हणजे खेळाडूंवरच्या एकूण खर्चाला घातलेल्या मर्यादेच्या, आत असावाच लागतो. 2025 साली ही मर्यादा 27 कोटी 92 लाख डॉलर होती.

ही कॅप म्हणजे खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक देताना मालकांनी वसूल केलेली किंमत. त्याआधी करार संपला तरी खेळाडू सहजासहजी सुटत नसे. 1989 पासूनच्या ‘प्लॅन बी’ नावाच्या पद्धतीत प्रत्येक संघाला 37 खेळाडू राखून ठेवता येत, मोकळे व्हायचे ते उरलेले, म्हणजे फारसे कुणाला नको असलेले. सप्टेंबर 1992 मध्ये फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात मिनियापोलिसच्या ज्युरीनं ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. पाठोपाठ रेजी व्हाइट या खेळाडूच्या नावानं आणखी एक दावा दाखल झाला आणि 1993 मध्ये तडजोड झाली: खेळाडूंना फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर हव्या त्या संघात जायची मोकळीक, आणि मालकांना कॅप. व्हाइट स्वतः फिलाडेल्फिया सोडून 4 वर्षांच्या 1 कोटी 70 लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बेला गेला.

1994 ची पहिली कॅप होती 3 कोटी 46 लाख डॉलर. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क जायंट्सनी फिल सिम्सला सोडलं. संघाला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून देणारा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, पण वय, खांद्याची शस्त्रक्रिया आणि पगार हे गणित जमेना.

पळवाट मात्र लगेच सापडली. आयपीएलच्या पर्समध्ये त्या हंगामाचा पैसा त्याच हंगामात मोजला जातो. एनएफएलमध्ये करारावर सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात आज जमा होतो, कॅपवर मात्र कराराच्या वर्षांत विभागून पडतो. 1995 मध्ये डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी डिऑन सँडर्स या खेळाडूला 7 वर्षांसाठी 3 कोटी 50 लाखांचा करार दिला. त्यात जवळपास 1 कोटी 30 लाखांचा बोनस होता आणि सुरुवातीच्या वर्षांचा मूळ पगार अगदी किमान. लीगनं हरकत घेतली आणि पुढच्या करारांसाठी नियम आवळला. काउबॉइजनी मात्र त्याच हंगामाचा सुपर बोल जिंकला.

आजचं ‘रिस्ट्रक्चर’ हे त्याच युक्तीचं नियमात बसवलेलं रूप. समजा एखाद्याचा या वर्षीचा पगार 2 कोटी डॉलर आहे. त्यातले 1 कोटी 80 लाख बोनसमध्ये बदलायचे आणि 5 वर्षांत वाटायचे (त्याहून जास्त वर्षांत वाटता येत नाहीत). दर वर्षी 36 लाख. म्हणजे यंदा कॅपवर 2 कोटींऐवजी 56 लाखच दिसतात. खेळाडूला पै न पै मिळते, म्हणून तोही सहसा कुरकुर करत नाही. करारात तेवढी वर्षं उरली नसतील तर नावापुरती ‘व्हॉइड’ वर्षं, म्हणजे फक्त हिशेबासाठीची, खेळाडू ज्यात खेळणार नाही अशी, जोडायची. पण तिसऱ्या वर्षानंतर त्याला काढलं तर उरलेले 72 लाख एकदम अंगावर येतात. हाच तो ‘डेड मनी’. 1 जूननंतर काढलं तर तो दोन वर्षांत विभागता येतो, म्हणून ती तारीख प्रत्येक संघाच्या कॅलेंडरवर असते.

नियमांत न बसणारे उद्योगही झाले. डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोघांना 1990 च्या दशकातल्या व्यवहारांसाठी दंड झाला. सगळ्यात विचित्र प्रकरण 2010 चं. त्या वर्षी कॅपच नव्हती. तरी त्या मोकळ्या वर्षात मोठ्या रकमा कोंबल्या म्हणून 2012 मध्ये लीगनं वॉशिंग्टनच्या कॅपमधून 3 कोटी 60 लाख आणि डॅलसच्या कॅपमधून 1 कोटी डॉलर कापले. नसलेली मर्यादा ओलांडल्याची ही शिक्षा मला अजूनही पटत नाही.

कॅप लीगच्या उत्पन्नाला बांधलेली असल्यानं ती साधारण वाढतच जाते, आणि ‘उद्याचं उद्या बघू’ म्हणणाऱ्यांचं फावतं. न्यू ऑर्लिन्स संघाचे जनरल मॅनेजर मिकी लूमिस वर्षानुवर्षं याच भरवशावर आकडे पुढे ढकलत आले. कोविडमुळे स्टेडियम रिकामी राहिली आणि 2021 ची कॅप 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर आली, तेव्हा अशा संघांची पळापळ झाली. पुढच्याच वर्षी ती 20 कोटींच्या वर गेली.

डेड मनीचा डोंगर बघायचा तर डेन्व्हरचा. 2022 मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला 24 कोटी 50 लाख डॉलरची मुदतवाढ दिली आणि ती लागू होण्याआधीच, मार्च 2024 मध्ये, त्याला सोडलं. दोन वर्षांत मिळून 8 कोटी 50 लाखांचा डेड मनी. विल्सन पिट्सबर्गला गेला. पिट्सबर्गनं किमान पगार, सुमारे 12 लाख, दिला आणि त्या हंगामाचे उरलेले पावणेचार कोटींहून अधिक डेन्व्हरनं. डेन्व्हरनं त्याच्या जागी नवख्या बो निक्सला खेळवलं. दोन्ही संघ प्लेऑफमध्ये पोचले आणि दोन्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडले.