रॅम्पचा वास आणि डोंगराचा सातबारा

एप्रिल लागला की अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात चर्चच्या हॉलवर, अग्निशमन दलाच्या शेडवर पाट्या लागतात : 'शनिवारी रॅम्पचं जेवण'. आपल्याकडे रॅम्प म्हटलं की फॅशन शो आठवतो, नाहीतर उड्डाणपुलाचा चढ. ॲपलाचियन डोंगररांगांत मात्र रॅम्प म्हणजे रानात आपसूक उगवणारी, कांदा-लसणीच्या कुळातली भाजी. पान हळदीच्या कोवळ्या पानासारखं गुळगुळीत, देठ बहुतेकदा लालसर-जांभळा, मातीत पातीच्या कांद्याएवढा पांढरा कंद. चव पातीच्या कांद्याची, वास लसणीचा. खाणाऱ्याच्या अंगाचा हा वास दुसऱ्या दिवशीही जात नाही, आणि रॅम्पच्या इतिहासात या वासाने बरीच उलथापालथ केली आहे.

शिकागो शहराचं नाव त्यातूनच आलं. मायामी-इलिनॉय भाषेत 'शिकाक्वा' हा एकच शब्द स्कंक नावाच्या, दुर्गंधीची पिचकारी मारणाऱ्या पट्टेरी प्राण्यालाही होता आणि या रानलसणीलाही. ला साल या फ्रेंच शोधप्रवाशाच्या मोहिमेतला आंरी जूतेल १६८७-८८ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी पोचला. इथल्या रानात लसूण भरपूर, म्हणून या जागेला हे नाव, असं त्याने टिपून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं 'शिकागो म्हणजे रानकांदा' असं सांगितलं जात होतं. १९९० च्या दशकात जूतेलच्या नोंदी पुन्हा बारकाईने वाचल्या गेल्या. त्या लसणीचं पान फ्रान्समधल्या लसणीपेक्षा रुंद आणि आखूड आहे, असं तो लिहितो. हे वर्णन रॅम्पला चपखल बसतं.

'रॅम्प' हा शब्द मात्र अटलांटिकपलीकडचा. ब्रिटनच्या जंगलात याची एक चुलत बहीण उगवते, तिचं नाव रॅम्सन. अठराव्या शतकात स्कॉटिश-आयरिश कुटुंबं ॲपलाचियन डोंगरांत येऊन वसली, तेव्हा ओळखीचा वास आला आणि ओळखीचंच नाव चिकटलं. सूर्य मेष राशीत असताना उगवतो म्हणून मेंढ्यावरून हे नाव पडलं, अशीही एक कथा तिथे हौसेने सांगतात. कथा गोड आहे, पण ओढूनताणून आणलेली.

या वसाहतवाल्यांच्या कितीतरी आधीपासून चेरोकी हे तिथले मूळनिवासी लोक रॅम्प खात होते. त्यांच्या भाषेत तो 'वास्दी'. वसंतात पहिला हिरवा पाला कुठल्या घळीत दिसेल हे नव्या लोकांना कळलं ते बरंचसं त्यांच्याकडूनच. ही माहिती किती मोलाची होती ते कळायला त्या डोंगरातला हिवाळा डोळ्यांसमोर आणावा लागतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत खारवलेलं डुकराचं मांस, मका, सुकवलेल्या शेंगा. ताजं असं काही नाही. हिरड्या सुजायच्या, अंगात त्राण राहायचं नाही. मग बर्फ वितळलं की उत्तरेकडच्या ओलसर उतारांवर, मेपल-बीचच्या अजून निष्पर्ण झाडांखाली हिरवी जाजमं पसरायची. क जीवनसत्त्व हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. 'हिवाळ्यात घट्ट झालेलं रक्त पातळ होतं' एवढंच म्हणायचे, आणि खायचे.

रॅम्पला मुदत असते. झाडांना पालवी फुटून सावली दाट होईपर्यंत जमिनीवर ऊन पडतं, ते काही आठवडे. तेवढ्यात पानं वर येतात, कंदात साठा करून घेतात आणि जूनच्या सुमाराला पिवळी पडून नाहीशी होतात. त्यानंतर नुसत्या दांड्यावर फूल येतं, त्याला काळ्या बिया धरतात. बी रुजायलाच सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत लागतं आणि त्या रोपाला स्वतःचं बी धरायला आणखी पाच ते सात वर्षं. पुढचे सगळे तंटे या संथपणामुळे झालेत.

करायची पद्धत साधी आहे, कष्ट निवडण्यात आहेत. कुदळीने गड्डे उकरून पोत्यातून आणायचे. मग चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलांभोवती बायका चाकू घेऊन बसतात : मुळ्या छाटायच्या, कंदावरचं मातकट, बुळबुळीत साल एका ओढीत काढायचं, तीन-चार पाण्यांतून धुवायचं. गप्पा चालू, डोळ्यांत पाणी, कपड्यांना वास. बिडाच्या तव्यात बेकन तळून त्याच्याच चरबीत बटाट्याच्या काचऱ्या टाकतात. त्या लालसर झाल्या की चिरलेला रॅम्प पानांसकट वर घालून मिनिटा-दोन मिनिटांत उतरवतात. किंवा वर अंडी फोडायची. सोबत मक्याचा पाव, शिजवलेले पिंटो राजमे, हॅम. कंद उरले तर व्हिनेगरमध्ये मुरवून बरणीत. कच्चा खाणारा तो खरा गडी, असं मानतात. त्याच्या शेजारी बसायला मात्र कुणी तयार नसतं.

हा वास गरिबीची खूण होता. रॅम्प खाऊन शाळेत आलेल्या पोरांना घरी पाठवल्याच्या आठवणी त्या भागात सर्रास ऐकायला मिळतात. काही पोरं म्हणे मुद्दाम कच्चा खाऊन जायची, सुट्टीसाठी. जिम कॉमस्टॉक या वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवूड गावच्या संपादकाने तर हद्द केली : आपल्या वर्तमानपत्राच्या एका अंकाच्या शाईत त्याने रॅम्पचा रस मिसळला. तो वास घेऊन टपाल खात्याच्या वरिष्ठांपर्यंत तक्रारी गेल्या आणि त्याला समज मिळाली. लाजेची गोष्ट मिरवायला घेतली की अशीच मिरवावी.

मिरवणं मग वाढतच गेलं. रिचवूड स्वतःला रॅम्पची राजधानी म्हणवून घेतं. टेनेसीतल्या कॉस्बी गावाने १९५४ मध्ये रॅम्पचा उत्सव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन तिथे हजेरी लावून गेले. १८६९ मध्ये स्विस कुटुंबांनी वसवलेल्या हेल्व्हेशिया या चिमुकल्या गावातही एप्रिलमध्ये रॅम्पची पंगत बसते. या जेवणांच्या पैशांतून चर्चचं छप्पर, बंबाची दुरुस्ती अशी कामं निघतात.

पण भाजी खणायची ती जमीन कुणाची? वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डोंगरच्या डोंगर कंपन्यांच्या नावावर गेले. सातबारा त्यांचा, वहिवाट गावाची. शिकार, जिनसेंग नावाची औषधी मुळी, रॅम्प यांसाठी कुणी कुणाला अडवत नसे. कोणत्या घळीत कुठला ताटवा, हे आजोबांकडून नातवाला कळायचं आणि परक्याला सांगायचं नाही हा अलिखित नियम. १९९० च्या दशकात डोंगरांचे माथेच उडवून कोळसा काढण्याचं प्रमाण वाढलं, फाटकं लागली, पहारेकरी आले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लोकजीवन केंद्रातर्फे मेरी हफर्ड यांनी याच काळात कोल नदीच्या खोऱ्यात फिरून नोंदी केल्या. गावकऱ्यांच्या दृष्टीने रॅम्पचं जेवण हा त्या वहिवाटीचाच पुरावा होता, हे त्यांतून कळतं.

त्याच सुमाराला शहरांतल्या शेफना रॅम्प सापडला. मोसम लहान, लागवड जवळपास नाही, नाव रांगडं. हॉटेलांना आणखी काय हवं? पूर्वी वासावरून हिणवलेली भाजी न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला २० डॉलरपर्यंत जाऊ लागली. गरिबाघरच्या पदार्थाला प्रतिष्ठा आली की तो गरिबाला महाग होतो, हे नाचणी खाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कॅनडातल्या क्वेबेकने आधीच हात पोळून घेतले होते. तिथे उपसा इतका झाला की १९९५ मध्ये विक्रीवर बंदी आली. स्वतःपुरते वर्षाला ५० कंद, बस्स.

सगळ्यात गुंतागुंतीचा वाद ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातला. १९३४ मध्ये हे उद्यान झालं तेव्हा आत राहणाऱ्या कुटुंबांना उठवलं गेलं, पण घरच्यापुरता रॅम्प खणायला मुभा राहिली. पुढे तिथल्या अभ्यासातून असं निघालं की एका ताटव्यातून दहा वर्षांतून एकदा, तेही फक्त १० टक्के झाडं काढली तरच तो टिकतो. २००२ मध्ये उद्यानाने खणण्यावर पूर्ण बंदी घातली.

उद्यानाला लागूनच क्वाला बाउंडरी आहे, पूर्व चेरोकींची जमीन. १८३८ मध्ये त्यांच्या बहुतेक बांधवांना सैन्याने पश्चिमेकडे हाकललं, त्यातून मागे राहिलेल्यांचे हे वंशज. २००९ मध्ये उद्यानात रॅम्प खणल्याबद्दल चेरोकींवरच खटला झाला. त्यांचं म्हणणं असं, की अभ्यासात झाड मुळासकट उपटलं होतं. आम्ही तसं करत नाही. आमचे वाडवडील बुडाशी कापतात, मुळ्यांचा बुडखा मातीत राहतो आणि तो पुन्हा फुटतो. शास्त्रज्ञांनी मोजली ती दुसऱ्यांची रीत, शिक्षा आम्हाला, हा त्यांचा सवाल मला तरी रास्त वाटतो.

२०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने नियम बदलला : मान्यताप्राप्त जमातींना परंपरेने चालत आलेल्या वनस्पती करार करून गोळा करता येतील. त्यानुसार २०१९ मध्ये चेरोकी आणि स्मोकी उद्यान यांच्यात पहिला करार झाला. तो सोचानसाठी होता, वसंतातच खुडायच्या दुसऱ्या एका पालेभाजीसाठी. तिची पानं खुडली की पुन्हा फुटतात, म्हणून बोलणी लवकर जुळली. रॅम्पचं नाव त्या करारात नव्हतं.