संगीत नाटकात गायचं कोणी?

पुण्यात आजही 'सौभद्र'चा प्रयोग लागला की तिसऱ्या घंटेनंतर नांदी होते, सूत्रधार येतो, मग नटी येते. नव्या प्रेक्षकाला हा सगळा जुना रिवाज वाटतो. पण संगीत नाटकाचा इतिहास समजून घ्यायचा तर प्रश्न एकच धरावा: रंगमंचावर गायचं कोणी?

विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा गाण्याचा भार सूत्रधारावर होता. तो साथीदारांसह पद्यातून कथा सांगे. पात्रं येऊन आपापली भाषणं बऱ्याच अंशी आयत्या वेळी करत. पुढं पारशी कंपन्यांचे उर्दू संगीत खेळ पुण्यात झाले. ते पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठीत तसं काही करायचं मनावर घेतलं.

31 ऑक्टोबर 1880 रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. आता दुष्यंताचं पद दुष्यंतच गाणार होता. माझ्या मते मराठी रंगभूमीवरची ही सर्वांत मोठी उलथापालथ.

ती पेलली कशी, हे जुनी छापील नाटकं उघडली की कळतं. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या माहीत असलेल्या गाण्याची ओळ दिलेली असते. म्हणजे चाल लोकांच्या ओठांवरची, शब्द नवे. शिवाय साकी, दिंडी, ओवी, कामदा ही कीर्तनातून आणि घरादारातून ओळखीची वृत्तं. ती म्हणायला तालमीतला गवई लागत नाही. बेताचा गळाही संवादासारखी साकी म्हणून जातो आणि कथा पुढं सरकते.

मग गळे तयारीचे आले. भाऊराव कोल्हटकर, आणि 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. स्त्रीभूमिका करणारा गायकनट कंपनीचा कणा झाला. 1911 च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी. 'नाथ हा माझा' यमनातलं. अशा पदांमुळं रागदारी ऐकण्याची गोडी सामान्य प्रेक्षकाला लागली, हे ऋण फार मोठं आहे. पण वन्स मोअर वाढले, प्रयोग रात्रभर चालू लागले आणि 'स्वयंवर'ची नायिका रुक्मिणी हिच्यापेक्षा तिची भूमिका करणारा गवई मोठा झाला. बोलपट आल्यावर कंपन्या कोसळल्या. त्याला कर्जं जबाबदार होतीच, पण नाटक गाण्यामागं पडलं होतं हेही खरं.

1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'नं या पेचावर सुरेख तोड काढली: पात्रंच गवई, भांडणच घराण्यांचं. तिथं गाणं थांबलं तर नाटकच थांबेल. 1972 मध्ये पुण्यातच उभ्या राहिलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये भास्कर चंदावरकरांचं संगीत एका नायकाला वाहिलेलं नव्हतं. ओळीनं उभ्या नटांची, ब्राह्मणांची भिंत ते संगीत गाते, नाचते, पडदाही होते. सूत्रधारही पुन्हा मध्यभागी आला.

आज जुनी नाटकं तीन तासांत बसवताना कात्री बहुतेकदा साक्या-दिंड्यांवर चालते, कारण टाळ्या पदांना पडतात. हे मला खटकतं. संपादन हवंच, पण आधी तानांचं करावं. पात्राला आपल्या तोंडानं कथा सांगू देणारी जागा त्या साध्या साकीतच आहे.