इस्का की युआयएस? गुहांच्या दोन संघटना, कामं मात्र वेगळी

गुहांबद्दल वाचायला लागलं की इस्का (इंटरनॅशनल शो केव्ह्स असोसिएशन) आणि युआयएस (गुहाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) ही नावं सारखी दिसतात आणि बरेच जण दोन्ही एकच समजून चालतात, दोन्ही आंतरराष्ट्रीय, दोन्ही गुहांच्याच, मग गोंधळ होणारच.

युआयएस १९६५ची, तेव्हाच्या युगोस्लावियात सुरू झालेली. ही गुहा शोधणाऱ्यांची आणि अभ्यासकांची, सदस्य म्हणजे देश, चार वर्षांनी अधिवेशन भरतं. इस्का १९९०ची, इटलीतल्या जेंगाची, आणि हिच्यात तिकीट लावून गुहा दाखवणारे येतात, म्हणजे लाइट, रेलिंग, वाट, गाइड, गर्दी सगळं ज्यांच्या अंगावर असतं ते. जेंगालाच फ्रासासीच्या गुहा आहेत, १९७१ला अँकोनाच्या शोधकांना सापडल्या आणि १९७४ला पर्यटकांसाठी उघडल्या, म्हणजे आधी शोधणारा आणि मग चालवणारा हा क्रम तिथे सरळ दिसतो.

आता चालवणाऱ्यांना एकमेकांची गरज का पडते ते बघा. अंधाऱ्या गुहेत दिवे लावले की दिव्याभोवतीच्या दगडावर हिरवा थर धरतो, शेवाळ, मॉस वगैरे, त्याला लॅम्पेनफ्लोरा म्हणतात आणि लाइट लावलेल्या बहुतेक गुहांना हा त्रास आहेच. ब्लीच मारलं तर थर जातो पण क्लोरीनचा वायू गुहेत सुटतो. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यापेक्षा बरं, पण तेही गुहेची चुनखडी खातं, म्हणून वापरायच्या किमान दहा तास आधी त्या द्रावणात चुनखडीचे तुकडे टाकून ठेवायचे म्हणजे त्याची भूक तिथेच भागते. हे अभ्यासकांनी चेक प्रजासत्ताकातल्या गुहेवर काम करून शोधलं, पण खरं सांगायचं तर ही युक्ती रोज फवारणी करणाऱ्या माणसापर्यंत पोचली नाही तर त्या शोधाचा दगडाला काय उपयोग? ते पोचवायचं काम इस्काचं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण आपल्यासारखे बहुतेक लोक गुहा बघतात ते तिकीट काढूनच.

दोघांचं एकत्र कामही आहे. शो केव्ह, म्हणजे पर्यटकांना दाखवायची गुहा, कशी उघडायची, कशी सांभाळायची याची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं इस्काने युआयएस आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला सोबत घेऊन काढली. तेव्हा प्रश्न नकाशाचा, खोलीचा, गुहा कशी घडली याचा असेल तर युआयएसकडे बघा, आणि पायऱ्या कशाच्या करायच्या, दिवे किती वेळ चालू ठेवायचे, एका वेळी किती लोक सोडायचे असं काही असेल तर इस्काकडे.