परदेशात गाडी चालवायचीय? इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट कसं काढायचं

हे परमिट पासपोर्ट ऑफिसात मिळत नाही, दूतावासातही नाही, बरेच जण तिथेच विचारत बसतात. नियम दिल्लीतलं रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय करतं, परमिट हातात देतं ते राज्याचं आरटीओ. म्हणजे आरटीओतल्या माणसाशी वाद घालून फॉर्म बदलत नसतो, तो केंद्राच्या मोटार वाहन नियमांतून आलेला आहे, फॉर्म ४ए.

भारताने रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारावर सही केलीय, त्यामुळे त्या करारातले देश आपलं परमिट मानतात. चीन मानत नाही, तिकडे त्यांचंच लायसन्स लागतं. आधी राज्याराज्यात या परमिटचा आकार-रंग वेगवेगळा असायचा आणि बाहेरचे पोलीस गोंधळायचे, मग ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रालयाने देशभर एकच नमुना ठरवला, त्यावर क्यूआर कोड आला जो तुमच्या लायसन्सला जोडलेला असतो.

कोणाला मिळतं? भारतीय नागरिक आणि पक्कं, चालू लायसन्स. लर्निंगवर नाही. आणि हे नीट वाचा, लायसन्सवर फक्त कार असेल तर परमिटवरही कारच येणार, तिकडे जाऊन स्कूटर भाड्याने घ्यायचा प्लॅन असेल तर तो परमिटशिवायचाच झाला, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच बघतात.

कागदपत्रं फार नाहीत: लायसन्स, पासपोर्ट, फोटो, फॉर्म ४ए. कुठे तिकिटाची कॉपीपण मागतात, जवळ ठेवा. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट मात्र जानेवारी २०२१ मध्ये काढून टाकलीय, कारण कित्येक देशांत व्हिसा उतरल्यावरच मिळतो मग आधी दाखवणार कुठून. एजंट अजूनही मेडिकल मागून वर पैसे लावत असेल तर सरळ नाही म्हणा.

अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर. राज्य निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा, नंबर आणि जन्मतारीख टाका, तिथे इंटरनॅशनल परमिटचा पर्याय येतो. केंद्राने ठरवलेली फी १००० रुपये, राज्याचा चार्ज वर लागू शकतो. लायसन्स जुन्या पुस्तकाचं असेल आणि नंबर सापडतच नसेल तर आधी आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची पोर्टलवर नोंद, करून घ्या, यात वेळ जातो म्हणून तिकीट काढलं की लगेच हे काम उरका, निघायच्या आठवड्यात नको.

मुदत जास्तीत जास्त १ वर्ष, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्यामुळे नेटवर कोणी ‘१० वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकत असेल तर ते नुसतं छापलेलं कार्ड आहे. तसं खरं परमिटसुद्धा एकटं चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच.

तिकडे असतानाच परमिट संपलं तर? त्यासाठी भारतात परत यायची गरज नाही, २०२१ पासून हा अर्ज तिथल्या भारतीय दूतावासात देता येतो, तो पोर्टलवरून तुमच्या इथल्या आरटीओकडे येतो आणि नवीन परमिट कुरिअरने परदेशातल्या पत्त्यावर पाठवतात.