खालच्या टाकीचा हिशेब

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घरात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मला सायफनने धडा शिकवला. रात्री अडीचच्या सुमाराला वीज गेली. सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं तर फरशी चिकट लागली, कपाटाच्या पायथ्याशी मिठाची पांढरी रेघ उमटली होती आणि शोकेसखालची टाकी, म्हणजे सम्प, काठोकाठ भरून ओसंडली होती. वरचे दोन क्लाऊनफिश मात्र मजेत होते. एकही काच फुटलेली नव्हती, एकही सांधा गळत नव्हता. चुकला होता तो माझा हिशेब. सम्प घरी बांधायचा म्हटलं की बहुतेक जण काच, सिलिकॉन आणि पंप यांबद्दल विचारतात. मी आधी एवढंच विचारतो, की पंप बंद पडला तर पाणी कुठे जाऊन थांबेल?

सम्प म्हणजे शोभेच्या टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. आपल्या सोसायटीत असते तशीच रचना. फक्त इथे गच्चीवरच्या टाकीत मासे असतात आणि तिथलं पाणी सतत ओसंडून खाली येतं. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात फणीसारख्या दातांची पेटी बसवतात. पृष्ठभागावरचं पाणी त्या दातांमधून पेटीत सांडतं आणि पाइपने खाली उतरतं. खाली ते तीन-चार कप्प्यांतून फिरतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. पाणी वरून ओसंडून जात असल्यामुळे पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा आपोआप निघून जातो. ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातूनच, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो.

आता त्या रात्रीकडे. जुन्या घरांत पितळेचा वसुदेवाचा पेला असायचा. मधोमध वसुदेव उभा, त्याच्याजवळ बाळकृष्ण. पेल्यात पाणी ओतत राहा, काही होत नाही. पाणी कृष्णाच्या पावलाला लागलं की मात्र सगळं पाणी बुडातून निघून जातं. वसुदेवाच्या पोटात एक वाकडी नळी लपवलेली असते. नळी वाकणापर्यंत भरली की खाली उतरणाऱ्या बाजूचं पाणी घसरू लागतं आणि मागचं पाणी ओढत नेतं. नळीच्या तोंडात हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही. हाच सायफन. माझ्या टाकीत पंपाचा परतीचा पाइप वर चढून काठावरून आत वळत होता आणि त्याचं तोंड पाण्यात १२ सेंटीमीटर खोल होतं. पंप थांबला आणि तोच पाइप उलटा वाहू लागला, तोंड उघडं पडेपर्यंत.

आकडे मांडले की सगळं लख्ख दिसतं. माझी वरची टाकी ९० सेंटीमीटर लांब आणि ४५ रुंद. म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटीमीटर उतरली की ४ लिटर पाणी गेलं. १२ सेंटीमीटरला ४८ लिटर. खालचा सम्प ६० बाय ३५, उंची ४०, म्हणजे सेंटीमीटरला २.१ लिटर. चालू असताना त्यात २२ सेंटीमीटर पाणी असायचं, वर १८ सेंटीमीटर रिकामे. त्यात मावणार ३८ लिटर. उरलेले निदान १० लिटर आमच्या फरशीवर.

उपाय साधा होता. परतीच्या पाइपाचं तोंड वर उचललं. आता ते पृष्ठभागाखाली जेमतेम ४ सेंटीमीटर असतं. म्हणजे जास्तीत जास्त १६ लिटर खाली येतील, पाइपांतलं आणि पेटीतलं दोन-तीन लिटर धरून सम्प ९ सेंटीमीटर चढेल, जागा १८ ची आहे. शिवाय पाइपाला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. पण हिशेब करताना हे भोक नाही असंच धरा. शेवाळ आणि मिठाचे कण ते कधी बुजवतील याचा नेम नाही. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. त्याच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी तो बंद व्हायचा थांबतो.

उलटा धोका तितकाच खरा आहे. खाली येणारा पाइप गोगलगायीने किंवा शेवाळाच्या गुंत्याने तुंबला तर पंप मात्र पाणी वर ढकलतच राहतो. अशा वेळी शेवटचा कप्पा लहान असणं आपल्याला वाचवतं. माझा तो कप्पा २० बाय ३५ सेंटीमीटरचा आहे. त्यातलं पंपाला ओढता येईल असं पाणी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे साडेदहा लिटर. एवढं सगळं वर गेलं तरी वरची टाकी अडीच-पावणेतीन सेंटीमीटरच चढते. म्हणून वर साडेतीन सेंटीमीटर काठ मोकळा ठेवला आहे. शक्य असेल तर खाली येणारे पाइप दोन घ्या. एक व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरलेला, दुसरा थोडा उंचावर, रिकामा, अडीअडचणीसाठी. पूर्ण भरलेल्या पाइपात हवा नसते, त्यामुळे रात्रभर गुडगुड ऐकावी लागत नाही, हा त्यातला मोठा आनंद.

याच लहान कप्प्याने मला बाष्पीभवनही शिकवलं. वरच्या टाकीची पातळी फणीने बांधलेली असते, ती हलत नाही. साऱ्या टाकीतून उडून गेलेलं पाणी दिसतं ते फक्त शेवटच्या कप्प्यात. उन्हाळ्यात पंखा लावला की माझ्याकडे दिवसाला दोन लिटर उडतात, आणि त्या कप्प्यात ती जवळजवळ ३ सेंटीमीटरची घट दिसते. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. माझ्या दोन्ही टाक्या मिळून सुमारे २०० लिटर पाणी आहे. तीन दिवस लक्ष दिलं नाही तर ६ लिटर जातात आणि लिटरला ३५ ग्रॅम असलेली क्षारता ३६ वर पोचते. म्हणून भरपाई करायची ती नेहमी आरओच्या गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे.

मधले कप्पे कशासाठी, हे समजून घ्यायला पावसाळ्यात मालवण किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जा. लाटांबरोबर पिवळसर फेस वाळूवर येऊन पडतो. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून सुटलेले प्रथिनांसारखे पदार्थ हवा आणि पाणी यांच्या सीमेवर चिकटतात, त्यांचाच तो फेस. प्रोटीन स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो. बारीक बुडबुड्यांवर घाण चढते, फेस वरच्या वाटीत साचतो आणि आपण ती वाटी ओतून टाकतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न कुजून अमोनिया होण्याआधीच बरंचसं बाहेर जातं. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही. दोन बाटल्या घ्या, एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ. दोन्ही जोरात हलवा. मिठाच्या बाटलीतले बुडबुडे बारीक राहतात आणि पाणी जास्त वेळ दुधाळ दिसतं. विरघळलेले क्षार बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत.

जो अमोनिया तरीही तयार होतो त्याचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट खायला पुढच्या कप्प्यात केटोमॉर्फा हे शेवाळ ठेवलं आहे. हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखं दिसतं. त्याचा दिवा मी रात्री लावतो. वरचे दिवे मालवले की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. खाली मात्र शेवाळाचा दिवस सुरू असतो, ते तो वायू शोषत राहतं आणि उतार कमी होतो.

बुडबुडे स्किमरमध्ये हवे असतात, वरच्या टाकीत नको असतात. त्यासाठी कप्प्यांमध्ये काचेच्या तीन पट्ट्या लावतात, पाणी एकीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं. दोन पट्ट्यांमध्ये किती जागा सोडायची? माझा पंप चार फुटांची चढण चढून तासाला १००० लिटर देतो, म्हणजे सेकंदाला २७८ घन सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरच्या फटीतून ते सेकंदाला ३ सेंटीमीटरहून थोड्या जास्त वेगाने खाली उतरतं. मिलिमीटरभर जाड बुडबुडा त्याहून कितीतरी वेगाने वर चढतो, तो सुटतो. पण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा बुडबुडा सेकंदाला अर्धा सेंटीमीटरच चढतो, तो पाण्याबरोबर खेचला जातो. फट ५ सेंटीमीटर केली तर पाण्याचा वेग निम्मा होतो. जागा असेल तर पाचच ठेवा. आणि पंप घेताना खोक्यावरचा मोठा आकडा पाहू नका. तो शून्य उंचीचा असतो.

काचवाल्याकडून पट्ट्या टाकीच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिलिमीटर कमी कापून घ्या, सिलिकॉनला जागा हवी. सिलिकॉन साधा, व्हिनेगरसारखा वास येणारा. बाथरूमसाठीचा बुरशीरोधक नको, त्यातलं विष पाण्यात उतरतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, सिलिकॉनची ओळ ओढा, ओल्या बोटाने एकदाच फिरवा आणि टेप लगेच काढा. वास पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग नळाचं पाणी भरून दोन दिवस गळती बघा. वरच्या टाकीला भोक पाडायचं असेल तर ती काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना, हे आधी पक्कं करा, नाहीतर ड्रिल टेकताच तिचा चुरा होईल. टँक निपल, एल्बो, व्हॉल्व्ह, सगळं पीव्हीसीचं. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी त्याने मरतात. वायरींना सॉकेटच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडेल, आणि लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरूनच, घ्या.

टाकीत काय ठेवायचं याबद्दल मात्र मी हट्टी आहे. आपल्या किनाऱ्यावरची खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्री घोडेही. ती उचलून घरी आणणं गुन्हा आहे, आणि तसं नसतं तरी मी आणली नसती. त्यांच्याऐवजी ठेवलेले सिरॅमिकचे सच्छिद्र दगड काही महिन्यांत जिवाणूंनी भरून जातात. हॅचरीत वाढवलेले क्लाऊनफिश मिळतात, ते धट्टेकट्टेही असतात.

सम्प चालू झाला की मीठ घालण्याआधी परतीच्या पाइपाचं बारीक भोक तात्पुरतं बुजवा, पंपाचा स्विच बंद करा आणि खुर्ची ओढून समोर बसा. वरचं पाणी फणीच्या दातांपर्यंत येतं, मग परतीच्या पाइपातून उतरत राहतं, खालचा सम्प हळूहळू चढतो. शेवटी पाइपाच्या तोंडाशी सुर्र असा आवाज होऊन हवा शिरते आणि सगळं थांबतं. पाणी जिथे थांबलं तिथे सम्पच्या काचेवर मार्करने रेघ ओढा. पंप पुन्हा चालू करा, चालू पातळीची दुसरी रेघ ओढा. माझ्या सम्पवर या दोन रेघांत ९ सेंटीमीटरचं अंतर आहे आणि वरच्या रेघेपासून काठ आणखी ९ सेंटीमीटर दूर आहे. परवा दुपारी तीन तास वीज नव्हती. मी ऑफिसात होतो. घरून फोन आला, पाणी रेघेच्या आतच थांबलंय.