आजोबांची पदकं उलटी करून पाहताना

दुसऱ्या महायुद्धातली पदकं घरात असतील, तर ती आधी उलटी करून पाहावीत. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाची पदकं कोरीच मिळाली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उठवलेली असते. आमच्या आजोबांनी लढाईबद्दल उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी सांगितल्या: केरनचा डोंगर अंगावर येतो आणि इटलीतला चिखल बुटात शिरतो. बाकीचं ते गेल्यावर आम्ही या धातूवरून आणि फितींवरून वाचलं.

पदकं चार. गडद निळी, तांबडी आणि फिकी निळी फीत असलेला १९३९-४५ स्टार. त्यातले रंग आरमार, भूदल आणि हवाई दलाचे. वाळूच्या रंगाच्या फितीचा आफ्रिका स्टार. तांबड्या, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांचा इटली स्टार. आणि चौथं गोल, वॉर मेडल. बर्मा स्टार नाही, म्हणजे पूर्वेकडे गेले नव्हते. एवढ्यावरूनही माणसाचा रस्ता कळतो.

१९३९ साली दोन लाखांच्या आसपास असलेली भारतीय फौज युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांवर गेली. सक्ती नव्हती. पण 'स्वखुशीने' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. कोरडवाहू तुकड्यावर घर चालत नसलं की पलटणीचा पगार हाच आधार उरतो. त्यात या सैनिकांच्या शौर्याला कुठे उणेपणा येत नाही.

पलटण होती तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियातलं केरन हे घाटमाथ्यावरचं ठाणं. खालून चढणाऱ्यावर वरून इटालियन तोफा. फेब्रुवारी ते मार्च १९४१ अशी ती लढाई चालली आणि चौथ्या व पाचव्या भारतीय डिव्हिजनांनी ती जिंकली. एरिट्रिया आफ्रिका स्टारच्या हद्दीत मोडतो, म्हणून ती वाळूची फीत. हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण आफ्रिका म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे फक्त वाळवंट यायचं.

इटलीत हीच पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, त्यांच्याखेरीज प्रत्येक जण मशीनगनच्या माऱ्यात पडला. ते एकटे त्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, आधी बॉम्ब, मग गोळ्या, शेवटी बंदुकीचा दस्ता. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीवर पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेलं. एकट्याने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि काठावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. इटलीच्या मोहिमेतले वीसपैकी सहा व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय फौजेला मिळाले, त्यातले हे दोन. आजोबा घाडग्यांना ओळखत होते का, हे विचारायचं राहून गेलं. एकच पलटण, एकच खोरं. मला हे फार लागतं.

शोधताना अडचण आली ती नावाची. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली आणि ही तिसरी बटालियन तिची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा, झाली. बांगलादेशच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ रोजी, तिथल्या टांगाइलला पॅराशूटने उडी घेतली ती याच पलटणीने. आम्ही 'मराठा लाइट इन्फन्ट्री तिसरी' शोधत बसलो होतो आणि आजोबांची पलटण केव्हाच दुसऱ्या नावाने नांदत होती. बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, तिथली जुनी नावं, बदललेले क्रमांक हे सगळं एकदा नीट लावून घ्यावं लागतं. ज्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते त्यांनी हे आधी करावं, नाहीतर चुकीच्या पलटणीचा इतिहास आपला म्हणून वाचला जातो.

आजोबांच्या नोकरीचे कागद हवे असतील तर विचारणा पदकावरच्या नंबरावरूनच करावी. सारख्या नावाची माणसं प्रत्येक पलटणीत असायची. आमच्याकडचे स्टार मात्र दर वर्षी मायेने घासून लखलखीत ठेवलेले. अक्षरं त्यात झिजली. वॉर मेडलच्या कडेवरचा नंबर त्यातल्या त्यात शाबूत आहे, शेवटचे दोन आकडे तेवढे खिडकीशी नेऊन, तिरप्या उजेडात धरले की लागतात.